शनिवारचा बजेट-वर्ग आणि संस्थेचा ताळेबंद, दोन्ही बघून आले

आधी रेटिंग देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. पाचपैकी वर्गाला साडेचार, हिशोबाला साडेतीन, आणि पावती-सर्टिफिकेट खात्याला दोन, तेही अकाउंट्सच्या काकांकडे बघून.

संस्थेचं नाव टाकत नाहीये. ऑफिसात मोजून पाच माणसं आहेत आणि मला पुढच्या वर्षी परत जायचंय. पुण्यात अर्थशास्त्राची संस्था म्हटलं की आठवतं ते गोखले इन्स्टिट्यूट नव्हे हं, ते 1930 चं, रावबहादूर काळ्यांच्या देणगीवर उभं राहिलेलं, धनंजयराव गाडगिळांनी वाढवलेलं, त्याची गोष्टच वेगळी. ही कर्वे रोडच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर चालणारी छोटी ट्रस्ट आहे, अर्थनीतीवर अभ्यास करते, टिपणं काढते, वर्ग घेते. थिंक टँक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दिल्लीतला काचेचा हॉल आणि ब्लेझरवाले लोक येतात, इथे जिना लाकडी आहे आणि वर पोचल्यावर चपला काढायला लागतात.

मी गेले ते सहा शनिवारच्या वर्गासाठी, विषय 'पालिकेचं अंदाजपत्रक कसं वाचायचं'. फी 1500 अधिक जीएसटी. मी एका ऑडिटरकडे काम करते, त्यातले सात-आठ क्लायंट ट्रस्टच आहेत, त्यामुळे आकड्यांची भीती नाही, पण खरं सांगते, पुणे महापालिकेचं बजेट मी आयुष्यात कधी उघडून बघितलेलं नव्हतं, पेपरात दरवर्षी 'पाणी, रस्त्यांना प्राधान्य' वाचून पान उलटायचं एवढंच. दिवाळीनंतरची बॅच होती, समोर 2025-26 चं पुस्तक, 12,618 कोटींचं. त्याच्या आधीच्या वर्षीचं 11,601 कोटींचं. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी काही शिकवलंच नाही, प्रत्येकाच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, जमेच्या बाजूचे सगळ्यात मोठे तीन आकडे शोधून गोल करा. पंधरा मिनिटं सगळे खाली मान घालून. निघालं काय तर जीएसटीच्या बदल्यात सरकारकडून येणारं अनुदान, मिळकतकर आणि बांधकामांकडून येणारं विकास शुल्क. मग मॅडम म्हणाल्या, आता सांगा, बिल्डरांचं काम थंडावलं तर तुमच्या गल्लीतल्या ड्रेनेजचं काय होईल? तिथे मला पहिल्यांदा कळलं की जकात गेली, मग 2013 ला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही गेला, 2017 ला जीएसटी आला, आणि या सगळ्या भानगडीत स्वतःच्या हिमतीवर पैसे गोळा करणारी पालिका महिन्याच्या महिन्याला मुंबईकडे तोंड करून कशी बसली. हे मी वर्षानुवर्षं एन्ट्र्या मारत असताना डोळ्यासमोर घडलंय, पण चित्र म्हणून कधी दिसलं नव्हतं.

तिसरा शनिवार सगळ्यात भारी. विषय 'वर्गीकरण'. पालिकेच्या बातम्यांमधे हा शब्द दहा वेळा वाचला असेल, मला वाटायचं कचऱ्याचं. तर नाही, एका कामाला ठेवलेले पैसे वर्षाच्या मधेच काढून दुसऱ्या कामाला लावणं म्हणजे वर्गीकरण. आणि 'स यादी', म्हणजे नगरसेवकांच्या प्रभागातल्या किरकोळ कामांची यादी, बाकं, नामफलक, फरशा. मॅडमनी एक गोष्ट बरी केली, कोणाला शिव्या घालू दिल्या नाहीत. एक आजोबा सारखे 'हे सगळे चोर' म्हणत होते, त्यांना शांतपणे म्हणाल्या, काका, मार्च 2022 पासून प्रशासक आहे, हे बजेट तर नगरसेवकांच्या हाताखालून गेलेलंच नाही, आता पान काढा आणि दाखवा कुठे काय बदललंय ते. आजोबा पान शोधत बसले. सापडलं पण त्यांना काहीतरी, पुढच्या शनिवारी फोटोकॉपी घेऊन आले होते.

मिळकतकराच्या दिवशी मात्र वर्ग हातातून गेला. स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत, 1970 पासून मिळणारी, मधे काढलेली आणि 2023 ला परत आलेली, त्यावर पुणेकर गप्प बसतील का. निम्मा वेळ त्या सवलतीसाठीचा पीटी-3 फॉर्म कोणी कधी भरला यातच गेला. मला वाटतं तो विषय शेवटी ठेवायला पाहिजे. कर्जरोख्यांवर मात्र घाईघाईत गुंडाळलं, 2017 च्या जूनमधे चोवीस तास पाण्यासाठी 7.59 टक्क्यांनी 200 कोटी उभे केले एवढं सांगून पुढे, त्यावर एक आख्खा शनिवार झाला असता.

बाकी कार्यक्रम म्हणाल तर दर महिन्याला एक व्याख्यान असतं, फुकट, माणसं वीस-पंचवीस, त्यातली निम्मी दर वेळची. कॉलेजच्या पोरांसाठी उन्हाळ्यात इंटर्नशिप आहे. टिपणं आठ-दहा पानांची असतात, मराठीत पण काढतात हे विशेष, पण मराठी टिपण इंग्रजीनंतर तीन-चार महिन्यांनी येतं, तोवर विषय शिळा.

आता पैशाचं. मी मार्च 2025 मधे, म्हणजे वर्गाच्या आधीच, एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून 5000 रुपये देणगी दिली होती, ऑनलाइन, कारण 2000 च्या वर रोख दिली की 80जी, म्हणजे देणगीवरची इन्कमटॅक्सची सवलत, मिळत नाही. 31 मेपर्यंत 10बीई, म्हणजे ती सवलत घ्यायला लागणारं देणगीचं सर्टिफिकेट, यायला हवं होतं. नाही आलं. जूनमधे फोन केला, 'साहेब रजेवर आहेत'. जुलैमधे आलं, तर पॅनमधे डीच्या जागी बी! म्हणजे माझी देणगी इन्कमटॅक्सच्या लेखी भलत्याच कोणाच्या तरी नावावर. त्या वर्षी रिटर्नची तारीख सप्टेंबरपर्यंत वाढली म्हणून मी वाचले, नाहीतर एवढ्या 2500 च्या वजावटीसाठी डोकं धरून बसले असते (मी अजून इन्कमटॅक्सच्या जुन्याच रिजीममधे, होमलोनमुळे, नव्यात गेलेल्यांना 80जी नाहीच मिळत). दुरुस्ती केली त्यांनी, पण तीन चकरा झाल्या. जी संस्था लोकांना पालिकेचा हिशोब वाचायला शिकवते तिने स्वतःच्या देणगीदाराचा पॅन दोनदा तपासायला काय हरकत आहे? दोन स्टार त्याचेच.

पण त्या तिसऱ्या चकरेत एक चांगलं झालं. मी वैतागून म्हटलं, तुमचा ताळेबंद बघायला मिळेल का. मला वाटलं आता 'अर्ज द्या' ऐकायला मिळेल. काकांनी स्टीलचं कपाट उघडलं, निळ्या कव्हरची फाइल काढली, टेबलावरचा डबा बाजूला सरकवला आणि म्हणाले बसा, चहा घेणार का. मी आजपर्यंत जेवढ्या ट्रस्टच्या ऑफिसात गेले त्यात हे असं पहिल्यांदा झालं, म्हणून हिशोबाला साडेतीन, नाहीतर तीनच देणार होते.

बघितलं तर काय दिसलं. उत्पन्नात सगळ्यात मोठा आकडा प्रोजेक्ट अनुदानांचा, त्याच्या खाली ठेवींवरचं व्याज, मग देणग्या, आणि वर्गांची फी अगदी तळाला. आणि ही प्रोजेक्टची अनुदानं सगळी बांधलेली, म्हणजे ज्या अभ्यासाला दिली त्यालाच वापरायची. सर्व्हेची माणसं, छपाई, प्रवास, सगळं त्यातून निघतं, पण लाइटबिल, भाडं, लायब्ररीवाल्या ताई आणि खुद्द काका, यांचा पगार कुठून? ठेवींच्या व्याजातून. बँकेचा दर अर्धा टक्का खाली आला की या संस्थेचा एक पंखा बंद, असा प्रकार आहे. काका स्वतःच म्हणाले, 'ताई, अभ्यासाला पैसे देणारे भेटतात हो, झाडूवाल्याला देणारं कोणी भेटत नाही.'

एक गोष्ट आमच्या लाइनीतली, पण सांगते, कारण लोक यावरून ट्रस्टला नावं ठेवतात. ट्रस्टवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनरकडे द्यायच्या परिशिष्ट नऊमधे, म्हणजे जमाखर्चाच्या पत्रकात, आस्थापना खर्च (ऑफिस चालवायचा खर्च) वेगळा दाखवायचा आणि ट्रस्टच्या उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा. हॉस्पिटल असेल तर औषधं उद्दिष्टात जातात, अन्नछत्र असेल तर धान्य, कोणी प्रश्न विचारत नाही. अर्थनीतीच्या संस्थेत माल काय? माणसाचं डोकं. तिथे संशोधकाचा पगार आस्थापनेत टाकला की संस्था नुसती पगारावर पैसे उडवते असं दिसतं आणि उद्दिष्टात टाकला की तीच संस्था एकदम काटकसरी दिसते. यांनी दोन वर्षं आस्थापनेत टाकला आणि तिसऱ्या वर्षी उद्दिष्टात, खाली एका ओळीचीही टीप नाही. लबाडी नाही म्हणणार मी, ऑडिटर बदललाय त्या वर्षी, पण साधा माणूस तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून बघेल तर त्याला वाटेल खर्च निम्म्यावर आणला, वा! अर्धा स्टार इथे गेला.

मी विचारलं, मग वर्गाची फी वाढवा की, पुण्यात लोक पोहायच्या क्लासला याच्या दुप्पट देतात. काका हसले. म्हणाले, आमच्या उद्दिष्टांत 'सर्वसाधारण लोकोपयोगी काम' असं लिहिलंय, त्यात फीसारखी कमाई वर्षाच्या एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेली की त्या वर्षाची करमाफी जाते. वर्गाला निव्वळ शिक्षण म्हणता येतं का यावर वाद घालता येईल, पण वाद घालायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे. शिवाय एका वर्षात आलेल्यातले 85 टक्के खर्च करावेच लागतात, फार तर 15 टक्के सहज बाजूला टाकता येतात, म्हणजे चांगल्या वर्षात भरपूर साठवून वाईट वर्षात खाऊ म्हणावं तर त्याला वेगळा फॉर्म आणि कारण द्या. कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे त्यांना सामाजिक कामाला द्याव्या लागणाऱ्या पैशाचं, विचारलं तर कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातच्या यादीत शिक्षण आहे, स्वच्छता आहे, अर्थनीतीचा अभ्यास असं सरळ कुठे नाही, त्यामुळे एक कंपनी कॉलेजच्या पोरांच्या इंटर्नशिपला पैसे देते आणि आमच्या शनिवारच्या वर्गाला कोणीच देत नाही. जो कार्यक्रम सगळ्यात जिवंत तोच सगळ्यात उपाशी, हे मला फार लागलं.

परदेशी पैसा यांच्याकडे अजिबात नाही. घेतच नाहीत. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आला की दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं, 2020 पासून प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा (आधी 50 होती), आणि दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चसारख्या मोठ्या संस्थेचं हे रजिस्ट्रेशन 2024 च्या जानेवारीत रद्द झालेलं बघितल्यावर पाच माणसांच्या ऑफिसची काय टाप. गंमत म्हणजे आपल्याच पुण्यात दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 मधे गरिबीवर तो गाजलेला अभ्यास केला, रोज 2250 कॅलरीचं अन्न परवडत नाही तो गरीब असं धरून, तो फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने झाला होता. आणि त्यात सरकारला आवडेल असं काही फारसं नव्हतं.

मग पैसा देशी असला की झालं का, तर तेही नाही. माझी खरी तक्रार इथे आहे. एका टिपणात बांधकाम शुल्कात सूट द्यावी असं सुचवलंय, युक्तिवाद वाईट नाही, पण त्या अभ्यासाला पैसे कोणी दिले ते टिपणात नाही, वार्षिक अहवालात शेवटच्या पानावर 'आमचे हितचिंतक' म्हणून सगळी नावं एका ओळीत, कोणी किती आणि कशासाठी काही नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, 'बरोबर आहे तुमचं, पुढच्या टिपणापासून पहिल्या पानावर टाकू.' त्यानंतर एक टिपण आलंय. पहिल्या पानावर नाही, पण दुसऱ्या पानावर टाकलंय, बारीक टायपात. चला.

जायचं असेल तर: टू व्हीलर गल्लीच्या तोंडाशी लावा, आत वळवायला जागा नाही. मेट्रोने येणाऱ्यांनी गरवारे कॉलेजला उतरून चालत यावं. चहा मधल्या सुट्टीत मिळतो, बिस्किटं पहिल्या रांगेतच संपतात. बजेटचं पुस्तक वर्गात चौघांत एक असतं, पीडीएफ आधीच टॅबवर घेऊन जा.

यंदा मी परत 5000 दिले, कुठल्याच प्रोजेक्टच्या नावाने नाही, साध्या जनरल खात्यात, लाइटबिलात गेले तरी चालतील असं सांगून. पॅन मीच एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, 'डी, डेक्कनचा डी', आणि काकांनी ते आधी पेन्सिलीने लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि मग पेनाने गिरवलं.