फ्री डिश आणि आखाड्यावरची रेडिओ जोडी: मृगापासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल. फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनपैशाची डिश सेवा, घ्यायची असेल तर ९० सेंटीमीटरची छत्री घ्या, ६० ची नको. गावातल्या घरून आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या वस्तीपर्यंत, इंटरनेट न्यायचं असेल तर ५ गिगाहर्ट्झची रेडिओ जोडी (दोन टोकांना एकेक, बिनतारी नेट पाठवणारी यंत्रं) आपल्या पावसाला पुरून उरते, फक्त मधल्या झाडांचं बघा. ज्यांना एवढंच पाहिजे होतं त्यांनी इथं थांबायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी पुढचा पसारा, कारण ही दोन्ही यंत्रं एकाच स्लॅबवर, एकाच पावसात भिजली आणि वागली मात्र अगदी उलटसुलट.

आमचं गाव वसमत तालुक्यात, हळदीच्या पट्ट्यात. आखाडा घरापासून सव्वादोन-अडीच किलोमीटर. तिथं विहिरीवर कॅमेरा, मोटारीचं स्टार्टर मोबाइलवरून बघायची सोय आणि रात्री राहणाऱ्या गड्याच्या पोराला अभ्यासाला नेट, एवढ्यासाठी रेडिओची जोडी घेतली. फ्री डिश आईसाठी. सह्याद्रीच्या बातम्या आणि कीर्तन लागलं की तिचं दुसरं काही म्हणणं नसतं. महिन्याचं बिल नाही, छत्री, बॉक्स आणि वायर मिळून दोन-अडीच हजारांत काम झालं.

फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर. वसमतहून बघितलं तर आग्नेयेला, जमिनीपासून साधारण ६० अंश वर. बसवायला आलेल्या पोरानं मोबाइलवर बघत छत्री फिरवली, चित्र आलं, पैसे घेतले आणि गेला. तुम्ही मात्र त्याला लगेच जाऊ देऊ नका. बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंग्थची, एक क्वालिटीची. पहिली कितीही भरलेली दिसली तरी तिला फार महत्त्व नाही. क्वालिटीची पट्टी जास्तीत जास्त वर जाईपर्यंत छत्री केसभर इकडे, केसभर तिकडे करून घ्या आणि मग नट आवळा. कोरड्या दिवशी ५५ आणि ७५ यांत चित्राला काडीचा फरक पडत नाही. आभाळ फाटलं की त्या वीसवरच टीव्ही टिकतो किंवा जातो. जुन्या अँटेनाच्या काळी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी माणूस अंदाजानं बघत बसायचा. डिजिटलमध्ये ती सोय नाही. चित्र शेवटपर्यंत स्वच्छ, मग चौकोन चौकोन, मग ‘नो सिग्नल’.

आता पावसाचं. दिवसभर भुरभुर चालू असेल तर डिशला काही होत नाही. श्रावणात असे दिवस गेले की चिखलानं बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण क्वालिटीची पट्टी तसूभर हलली नाही. उलट परतीच्या पावसात दुपारी चारच्या सुमाराला काळंभोर ढग येतं, पंधरा मिनिटं झोडपतं आणि निघून जातं, त्या पंधरा मिनिटांत टीव्ही हमखास बंद. गंमत म्हणजे कधीकधी आमच्या अंगणात थेंब नसतो आणि टीव्ही गेलेला असतो. ढग आग्नेयेला पुढच्या गावावर असतं आणि सिग्नल त्याच्यातूनच येत असतो. आईला आता हे एवढं पाठ झालं आहे की टीव्ही गेला की ती आधी वाळवण उचलते.

महसूल मंडळात दिवसाला ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतात, पंचनामे त्यावर होतात. टीव्हीला या आकड्याशी देणंघेणं नाही. हेच ६५ मिलिमीटर चोवीस तासांत सावकाश पडले तर तासाला तीन मिलिमीटरही होत नाहीत, आणि वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या पावसात मिळून सिग्नल अर्धा डेसिबलही कमी होत नाही. पण दहा मिनिटांत १५ मिलिमीटर कोसळला, म्हणजे तासाला ९० च्या वेगानं, तर डिशच्या ११ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला दर किलोमीटरला चार डेसिबलच्या आसपास फटका बसतो. तीन डेसिबल गेले म्हणजे ताकद निम्मी, दहा गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला. पावसाळ्यात आपल्याकडे पाच किलोमीटर उंचीच्या आसपास शून्य अंश तापमान असतं, त्याच्या खाली पाणी. ६० अंशाच्या तिरप्या वाटेनं सिग्नलला साडेपाच किलोमीटरपर्यंत पाण्यातून यावं लागू शकतं. ढग तेवढं रुंद नसलं तरी दोन-तीन किलोमीटरचा मार छत्रीला पुरे होतो.

आणि त्या शून्य अंशाच्या वर काय असतं? बर्फ. आपल्या जोरदार पावसाचे बरेचसे थेंब वर असताना बर्फाचे कण आणि पापुद्रेच असतात, खाली येता येता वितळतात. म्हणजे वसमतच्या आईचं कीर्तन दर मोठ्या पावसात किलोमीटर-दोन किलोमीटर बर्फातून येतं, आणि तो बर्फ त्याला जवळपास काहीच करत नाही.

हे मला मेव्हण्यामुळं नीट कळलं. तो फौजेत आहे, सध्या द्रासकडे. तिथं हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो. दिवाळीत टीव्हीवरून बोलणं निघालं तेव्हा मी म्हटलं, “आमचा पावसातच जातो, तुमचं तिथं बर्फात काय होत असेल!” तर म्हणाला, “दाजी, भुकटीसारखा बर्फ पडतो ना, त्यात काही होत नाही. रात्रभर पडू द्या. मार्चात ओला, चिकट बर्फ सुरू झाला की मग चित्र जातं. आणि छत्रीत साचला तर झाडूनं झाडून यावं लागतं, कोण जाणार यावरून रोज भांडण.”

कारण असं आहे. पाण्याच्या कणाला एक टोक धन, एक टोक ऋण. सिग्नलची लाट आली की ते कण तिच्याबरोबर फिरायला बघतात. ११ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ११ अब्ज वेळा मागंपुढं होणारी लाट. पाण्याच्या कणांना ती पाळणं पूर्ण जमत नाही, ते मागं पडतात, एकमेकांशी घासतात आणि लाटेची ताकद उष्णता होऊन संपते. बर्फात तेच कण स्फटिकात जखडलेले, फिरायला मोकळीकच नाही. त्यामुळं या लहरींपुरतं पाणी बर्फापेक्षा हजारो पटींनी जास्त शोषून घेतं. घरी मायक्रोवेव्ह असेल तर गोठलेला मटार गरम करून बघा. कडेचे दाणे चटका बसेल इतके तापतात आणि मधला गोळा दगडच राहतो, कारण जिथं आधी पाणी सुटलं तिथंच सगळी ताकद जाते.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. थंड हवेत बाष्प मुळात कमी. दहा सेंटीमीटर ताजा बर्फ वितळला तर ढोबळ मानानं एक सेंटीमीटर पाणी निघतं, आणि तेवढा बर्फ पडायला कित्येक तास लागतात. आपल्याकडे तेवढं पाणी एखादं ढग दहा मिनिटांत ओतून जातं.

ओल्या बर्फाचं मात्र वेगळं आहे. पापुद्रा वितळायला लागला की त्याच्यावर पाण्याचा पातळ थर चढतो. आकार बर्फाचा, मोठा आणि पसरट, आणि लाटेला दिसतं ते पाणी. म्हणून ओला बर्फ त्याच हिशेबाच्या पावसापेक्षाही सिग्नल जास्त खाऊ शकतो. हवामान खात्याच्या रडारवर हा वितळणारा थर चमकदार पट्ट्यासारखा उठून दिसतो, तोही याच कारणानं. छत्रीत साचलेल्या बर्फाची गोष्ट तिसरीच: कोरडा असला तरी त्याचा थर कुठं जाड, कुठं पातळ असतो, लाटा मागंपुढं होतात आणि एलएनबीच्या, म्हणजे छत्रीपुढच्या दांडीवरच्या डबीच्या, तोंडावर नीट एकवटत नाहीत. म्हणून झाडू.

आपल्याकडे बर्फ नाही, पण गारा आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोण विसरेल. यंदा मार्चात आमच्याकडे एका संध्याकाळी थोडी झाली, हरभऱ्याएवढ्या गारा. हळद शिजवून वाळत घातलेली, सगळे ताडपत्र्या ओढायला धावले. मी पण ओढल्या, पण घरात आल्यावर आधी क्वालिटीची पट्टी उघडली, बायको जे बोलायचं ते बोलली. पत्र्यावर गारा तडतडत होत्या, पाऊस त्यामानानं विरळ, आणि पट्टी निम्म्यावर तग धरून होती. गारा थांबल्या, सरसर पाऊस सुरू झाला आणि ती शून्यावर आली. गारेनं टीव्ही जात नाही असं म्हणणार नाही, ओली गार आणि मोठी गार दोन्ही सिग्नलला नडतात. पण आवाजावरून अंदाज बांधला तर फसाल. छत्रीच्या पत्र्याला पोचे मात्र पडतात, आणि पोचा खोल असेल तर तो कायमचा तोटा.

छत्रीच्या आकाराबद्दल. पहिले काही महिने ६० सेंटीमीटरची होती, पोळ्यानंतर ९० ची लावली. क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबलचा फायदा. ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात मध्यम पावसात टीव्ही जाणं बंद झालं, आणि मोठ्या पावसात जातो तोही उशिरा जाऊन लवकर परत येतो. ढगफुटीसारख्या पावसात ९० चीही जाते, तिथं कुणाचं काही चालत नाही. मोठी छत्री वाऱ्याला जास्त अडते, तेव्हा पायाला चार बोल्ट आणि सिमेंट हवंच. पूर्वी गावात केबलवाल्याची भली मोठी जाळीची छत्री होती, ती भर पावसात चालायची. ती ४ गिगाहर्ट्झच्या आसपासची, तिला थेंबांचं फारसं सोयरसुतक नव्हतं.

एलएनबीच्या तोंडावरची पांढरी टोपी स्वच्छ आणि निसरडी ठेवा. त्यावर पाण्याचा पडदा धरला तर पाऊस थांबल्यावरही पट्टी वर यायला वेळ लागतो. पुष्कळ जण त्यावर कॅरिबॅग बांधतात. तसं करू नका, तिच्या घड्यांत पाणी साचतं आणि ते नेमकं सिग्नलच्या वाटेत. वरून आडोसा द्यायचा तर कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याचं छप्पर द्या, तोंड उघडं ठेवून.

मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमाराला, निरभ्र आभाळात काही मिनिटं टीव्ही गेला तर मेकॅनिकला बोलावू नका. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. आपोआप ठीक होतं.

आता रेडिओ जोडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण रेडिओ चांगला आणि बरोबर आलेला अडॅप्टर भिकार, दिवाळीआधीच जळाला. बाजारातून २४ व्होल्टचा दुसरा आणला, तो चालू आहे. रेडिओला वीज लागते थोडी, आखाड्यावर छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी पुरते, लोडशेडिंगचा प्रश्न येत नाही. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ साली सरकारनं परवान्याशिवाय बाहेर वापरायला मोकळे केले, त्यामुळं घोर नाही. आमची जोडी ५.८ वर चालते. तिची लाट पाच सेंटीमीटरच्या थोडी वर, डिशच्या लाटेच्या जवळपास दुप्पट. पावसाचा मोठ्यातला मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरचा. लाट लांब झाली की थेंबाला तिचं फारसं काही करता येत नाही. तासाला ९० मिलिमीटरच्या पावसातही किलोमीटरला एक डेसिबलपर्यंतसुद्धा घट जात नाही. टीव्ही बंद आणि विहिरीचा कॅमेरा सुरळीत, हे दृश्य पावसाळाभर बघितलं.

तरी पाऊस पडून गेल्यावर नेट मंदावायचं. पडताना नाही, पडून गेल्यावर. हे कोडं बरेच दिवस चाललं. कारण निघालं ते चुलत्यांच्या बांधावरचा लिंब, म्हणजे कडुलिंब. दोन रेडिओंमध्ये नुसती दोरीएवढी रेघ मोकळी असून भागत नाही. एवढ्या अंतराला मध्यावर त्या रेघेभोवती पाच मीटरच्या वर मोकळी जागा लागते. लिंबाचा शेंडा त्यात घुसलेला. पानं कोरडी असली तर सिग्नल बऱ्यापैकी निघून जायचा, भिजली की हजारो पानांवरचं पाणी वाट अडवायचं. आभाळातल्या सगळ्या पावसानं जे केलं नाही ते एका झाडानं केलं.

चुलत्यांना विचारलं तर म्हणाले, “तुझ्या नेटसाठी माझ्या बापानं लावलेला लिंब छाटू?” प्रश्नच मिटला. मग आखाड्याकडचा जीआय पाईप दहा फुटांनी वाढवला आणि घरावरचाही थोडा उचलला. तेव्हापासून झाड ओलं असो, कोरडं असो, वेग तोच. एवढ्या उंच पाईपला तीन बाजूंनी ताणाच्या तारा लागतात, आणि त्या जनावरांच्या वाटेत येणार नाहीत अशा बांधा. अर्थिंग वेगळं करा. आणि विजांचं वातावरण दिसलं की त्या कडाडायच्या आधीच दोन्हीकडची वायर काढून ठेवा, कॅमेरा तासभर बंद राहिला तर विहीर कुठं जात नाही.