ठाण्यात पेपर मॉडेलसाठी कार्डवर प्रिंट काढायचेत? नौपाड्यातलं हे दुकान गाठा

नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक छोटंसं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे, लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डवालं. पेपर मॉडेल, म्हणजे कार्डवर छापलेले भाग कापून, दुमडून, चिकटवून उभी केलेली प्रतिकृती करत असाल तर सरळ तिथेच जा. बाहेरून बघून काही वाटत नाही, पण कार्ड घडी घातल्यावर कसं वागतं हे काउंटरवरच्या दादांना जेवढं कळतं तेवढं ठाण्यात मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

मी कॅनन कंपनीच्या क्रिएटिव्ह पार्क या वेबसाइटवरून जपानच्या हिमेजी कॅसलची फाइल नेली होती. ती फुकट मिळते, भागांची पीडीएफ वेगळी आणि जोडायच्या सूचनांची वेगळी. हा किल्ला १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे, बाहेरून पाच मजली दिसतो, आत सहा मजले आणि शिवाय खाली तळघर, म्हणजे छपरावर छप्पर आणि मॉडेलमध्ये नुसत्या घड्याच घड्या. फाइल बघूनच दादांनी विचारलं, "हे दुमडायचंय ना? मग ग्लॉसी नको, टोनर फुटेल." आणि ते अगदी खरंय, लेझर प्रिंटमध्ये टोनर, म्हणजे शाईची पूड, कागदाच्या वर बसतो, आत मुरत नाही, त्यामुळे गुळगुळीत आर्ट कार्डवर घडी घातली की कडेला पांढरी रेघ उमटते आणि करड्या छपरावर ती लांबूनही दिसते. त्यांनी मॅट, कोटिंग नसलेलं २०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटर वजन, जास्त म्हणजे जाड) कार्ड दिलं, बारीक भागांची पानं १३० वर काढायला सांगितली, आणि लॅमिनेशन करूच नका म्हणाले कारण मग टॅबवर, म्हणजे चिकटवायच्या पट्ट्यांवर, गम धरत नाही.

दुसरी गोष्ट साइजची. आधी स्टेशनजवळच्या एका दुकानात 'फिट टू पेज' (पानात बसवायला चित्राचा आकार बदलणारं सेटिंग) लावून दिलं होतं, सांगूनसुद्धा. आता सगळीच पानं सारखी लहान झाली तर मॉडेल लहान होतं एवढंच, पण एखादं पान खराब होऊन नंतर दुसरीकडून काढलं की टॅब आणि खाच जुळतच नाहीत, मिलिमीटरभर फरकाने भिंत वाकडी होते. इथे पहिलं पान काढून दादांनी स्टीलच्या पट्टीने कड मोजली, स्क्रीनवरच्या मापाशी ताडून बघितली आणि मगच बाकीची पानं सोडली. हे मी न सांगता!

बारा बाय अठराच्या शीटवर दोन ए४ पानं बसवून देतात त्यामुळे स्वस्त पडतं. शिवाय कागदाचा दाणा, म्हणजे त्यातले तंतू, कुठल्या दिशेला आहे तेही सांगतात. गोल बुरूज किंवा रॉकेट करणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, नळीच्या लांबीच्या दिशेने दाणा असेल तरच कार्ड सुरकुती न पडता गोल वळतं. घरी तपासायचं तर शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, सहज वाकेल तेव्हा वाकाची रेघ ज्या दिशेला येते ती दाण्याची दिशा.

घडीची रेघ दाबून देणारं क्रीझिंग मशीन आहे त्यांच्याकडे पण ते पत्रिकांसाठी, सरळ लांब रेघाच मारतं, मॉडेलच्या आखूड तिरक्या घड्यांसाठी घरीच संपलेलं बॉलपेन आणि पट्टी घ्या. कापायच्या आधी सगळ्या रेघा दाबून घ्या म्हणजे शीट हलत नाही. फेविकॉल टूथपिकच्या टोकाने, अगदी पातळ.

कुरकुर करायची तर दुपारी दुकान बंद असतं आणि लग्नसराईत तुमचं काम मागे पडतं, तेव्हा फोन केल्याशिवाय जाऊ नका. गाडी लावायला जागा नाही, स्टेशनवरून चालत जा. ईमेलवर फाइल पाठवली तरी पहिलं पान समोर उभं राहून बघाच, ते स्वतःच तसा आग्रह धरतात.

पाच पैकी पाच. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे, तोफा, दरवाजे कार्डवर काढणार असाल तर पंधरा दिवस आधी जा, नंतर कंदिलांच्या ऑर्डरींमुळे मशीन मोकळं सापडत नाही.