एचएफ रिगमधून १३७.५ किलोहर्ट्झ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हौशी रेडिओची एचएफ रिग (शॉर्टवेव्हचा ट्रान्समीटर-रिसीव्हर) घेऊन, तिची फ्रिक्वेन्सी भागून १३७.५ किलोहर्ट्झच्या ॲम्प्लिफायरसाठी सोर्स बनवला, त्याचा हा अनुभव. वापर वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात, टिनाच्या खोलीत. रिग १०० वॅटची, ±०.५ पीपीएम (दहा लाखांत अर्धा भाग) टीसीएक्सओवाली, म्हणजे तापमानाचा परिणाम भरून काढणाऱ्या क्रिस्टल ऑसिलेटरची. कॅरिअर (सलग सिग्नल) ७.१५० मेगाहर्ट्झवर, त्याला ५२ ने भागलं की बरोबर १३७.५ किलोहर्ट्झ. वर साडेतीन हर्ट्झ सरकलं तरी खाली फरक ०.०७ हर्ट्झ. संथ सीडब्ल्यूला (मोर्सला) एवढं पुष्कळ झालं. १४.३०० ला १०४ ने भागूनही हेच मिळतं, पण ती आणीबाणीच्या संपर्काची जागा आहे. डमी लोडमधून (अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरमधून) थोडं गळलं तरी तिथे नको.

रिग ५ वॅटवर, डमी लोड ५० ओहम. लोडवर सुमारे ४५ व्होल्ट पीक-टू-पीक येतात. ४.७ के आणि ४७० ओहमने ते उतरवून १० नॅनोफॅराडमधून ७४एचसी१४ ला (सिग्नल चौकोनी करणाऱ्या लॉजिक चिपला) द्या, बायससाठी १० के दोन. पुढे ७४एचसी१६१ हा काउंटर: इनपुटवर ३ लोड करा आणि कॅरी उलटा करून लोड पिनला जोडा, म्हणजे ३ ते १५ अशा तेरा पायऱ्या होतात. शेवटी ७४एचसी७४ (फ्लिप-फ्लॉप) चे दोन्ही भाग, चारने भागायला; तेरा गुणिले चार म्हणजे ५२. ड्यूटी बरोबर ५० टक्के मिळते आणि पुश-पुल ॲम्प्लिफायरला लागणारे दोन्ही फेज तयारच असतात.

की रिगला लावू नका. रिग सीडब्ल्यू मोडमध्ये सलग चालू ठेवा, टाइम-आउट टायमर बंद करा आणि की ७४एचसी०८ (अँड गेट) वर, भागाकारानंतर घ्या. रिग कीने चालू-बंद केली की आतलं तापमान सतत वरखाली होतं आणि फ्रिक्वेन्सी त्याच्यामागे सरकते. शिवाय काही रिग की दाबताक्षणी एएलसी (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट) सावरेपर्यंत पूर्ण पॉवर फेकतात. तोच झटका ७४एचसी१४ मारतो, म्हणून तिथे १एन४१४८ डायोडचे दोन क्लॅम्प (जादा व्होल्टेज रोखणारे) हवेतच.

सगळ्यात महागाची चूक वेगळी. लाईन गेली, रिग बंद पडली, पण ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालू राहिला, तर डिव्हायडर आहे तिथेच थांबतो. एक आउटपुट हायवर अडकतं आणि त्या बाजूचा मॉसफेट (पॉवर ट्रान्झिस्टर) जळतो. दोन्ही ड्रायव्हर इनपुटला ०.१ मायक्रोफॅराड सिरीजमध्ये, ग्राउंडकडे १० के आणि उलटा १एन४१४८ घाला. अडकलेला हाय मिलिसेकंदात उतरतो.

डब्ल्यूएसपीआरला (क्षीण सिग्नलच्या डिजिटल मोडला) ही रचना सोयीची नाही. त्याच्या टोनमधलं १.४६४८ हर्ट्झचं अंतर वर ७६.१७ हर्ट्झ करावं लागतं, नेहमीचं सॉफ्टवेअर ते करत नाही. ५ वॅट काढतानाही मोठी रिग कित्येक अँपिअर ओढते, आणि त्या काळात ती दुसऱ्या कामाला मिळत नाही. रिग घरात असेल तरच हे करा, यासाठी नवी घेऊ नका.

कॅलिब्रेशन दुपारी, बीपीएम या चीनच्या वेळ-संकेत केंद्राच्या १५ मेगाहर्ट्झवर. सकाळ-संध्याकाळ आयनोस्फिअरचा डॉप्लर (त्याच्या हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीत दिसणारा फरक) फसवतो.

१३५.७–१३७.८ किलोहर्ट्झ हौशी सेवेला २००७ च्या जागतिक परिषदेत दुय्यम म्हणून मिळाला, मर्यादा १ वॅट ईआयआरपी (सर्व दिशांना सारखं फेकणाऱ्या आदर्श अँटेनाच्या हिशेबाने प्रसारित पॉवर). आपल्या लायसन्सच्या अटींत तो बँड असल्याशिवाय अँटेना जोडू नका.

मे महिन्यात कुलरचा झोत रिगवर येऊ देऊ नका. मोटर चालू-बंद झाली की फ्रिक्वेन्सीच्या ट्रेसवर लगेच पायरी दिसते. काळी माती भेगाळली की अर्थिंगच्या सळ्या सुट्या पडतात आणि अँटेनाचा करंट घसरतो. तेव्हा दोष सोर्समध्ये शोधू नका, आधी सळ्यांना पाणी घाला.