पीएसयुटिल : बिनधास्त वापरा, फक्त विंडोजवर टर्मिनेट करताना सांभाळून

एकच पायथन प्रोग्रॅम लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीकडे पळवायचाय आणि त्यातून दुसऱ्या प्रोसेस (म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम) सुरू-बंद करायच्यात, तर पीएसयुटिल (psutil) ही पायथन लायब्ररी टाकाच, उगाच स्वतःचं काही लिहीत बसू नका. फुकट आहे, बीएसडी लायसन्स, पिपने (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) लगेच बसते. आत लिनक्सवर प्रोक फोल्डर (जिथे चालू प्रोसेसची माहिती असते) वाचतात, विंडोजवर वेगळेच एपीआय, पण आपल्याला काय त्याचं, कॉल तोच.

प्रोसेस जिवंत आहे का बघायला लिनक्सवाले पायथनच्याच ओएस डॉट किलने (os.kill) सिग्नल 0 पाठवतात, त्याने प्रोसेसला काही होत नाही, फक्त आहे की नाही कळतं. तीच ओळ विंडोजवर गेली की तिथे 0 म्हणजे कंट्रोल-सी, थांबवायचा सिग्नल, म्हणजे नाडी बघायला गेलो आणि गळाच धरला! त्याऐवजी पीएसयुटिलचं पीआयडी एक्झिस्ट्स (pid_exists) वापरा, पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर, विषय संपला. शिवाय प्रोसेस मारायच्या आधी जुना पीआयडी नव्या प्रोसेसला मिळालाय का ते ही लायब्ररी सुरू झाल्याच्या वेळेवरून बघते आणि मगच मारते, नाहीतर भलत्याचाच बळी जायचा.

आता एक स्टार का कापला, तर टर्मिनेट, म्हणजे प्रोसेस बंद करायचा कॉल. लिनक्सवर सिगटर्म (बंद हो, अशी विनंती) जातो, समोरच्याला आवराआवर करता येते, फाईल बंद कर, लॉक काढ वगैरे. विंडोजवर मात्र टर्मिनेट आणि किल एकच, थेट खल्लास. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, लपवलेलं नाही, पण नाव तेच असल्यावर कोण उघडून बघतंय हो. विंडोजवर नीट बंद करायचं तर कन्सोल प्रोसेस नव्या ग्रुपमध्ये सुरू करून कंट्रोल-ब्रेक पाठवा, आणि तोही समोरचा प्रोग्रॅम ऐकत असेल तरच उपयोग.

आणि पॅरेंट (मूळ प्रोसेस) मारला म्हणून चाइल्ड (त्याने सुरू केलेल्या प्रोसेस) मरत नाहीत, कुठल्याच सिस्टिमवर धरून चालू नका. आधी चिल्ड्रन या कॉलला रिकर्सिव्ह ट्रू देऊन (म्हणजे चाइल्डचे चाइल्डही येतात) यादी हातात घ्या, मग पॅरेंटला हात लावा, उलटं केलंत तर बसा शोधत. यादीतल्यांनाही टर्मिनेट करून मग वेट प्रॉक्सला (wait_procs, सगळ्या संपायची वाट बघणारा कॉल) टाइमआउट द्यायचा, त्यातूनही उरतील त्यांना किल.

प्रोसेस किती सीपीयू खातेय ते सांगणारं सीपीयू पर्सेंट, इंटरव्हल (किती वेळ मोजायचं ते) न देता पहिल्यांदा विचारलं की 0.0च येतं, घाबरू नका. एकापेक्षा जास्त कोअर वापरले की 100च्या वर गेलं तरी बरोबरच आहे, विंडोजचा टास्क मॅनेजर सगळ्या कोअरने भागून दाखवतो म्हणून आकडे जुळत नाहीत. मॅकवर दुसऱ्या युजरची प्रोसेस चाळली की ॲक्सेस डिनाइड ठरलेला, तो एरर पकडून ठेवा. विंडोजवर ओपन फाइल्सच्या (प्रोसेसने उघडलेल्या फाइलींची यादी देणारा कॉल) भरवशावर तर अजिबात राहू नका.

5 पैकी 4. फक्त लिनक्स सर्व्हरच असेल आणि आपणच सुरू केलेल्या एक-दोन प्रोसेस सांभाळायच्या असतील तर पायथनसोबतच येणाऱ्या नुसत्या सबप्रोसेसमध्ये भागतं, हिची गरज नाही.