कमरेचे पिस्तूल आणि त्याचे होल्स्टर : लातूरच्या आडत बाजारातील वापराचा अनुभव

लातूरच्या बाजार समितीत आमची आडत आहे. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात मोठी रोकड जवळ बाळगावी लागते, त्यामुळे शस्त्रपरवाना आमच्या घरात वडिलांच्या काळापासून आहे. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर शस्त्र नियम २०१६ मधील वारसांच्या तरतुदीनुसार त्यांचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) रिव्हॉल्व्हर माझ्या परवान्यावर आले आणि पुढे त्याच परवान्यावर दुसरे शस्त्र म्हणून मी .३२ बोअरचेच पिस्तूल घेतले. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रे ठेवता येतात, म्हणजे माझ्यापुरता विषय तेथेच संपला. उन्हाळा, पावसाळा आणि सोयाबीनचा अख्खा हंगाम ही दोन्ही शस्त्रे आलटूनपालटून कमरेला लावल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडे शस्त्र निवडताना जेवढा विचार होतो त्याच्या निम्मासुद्धा होल्स्टरचा (म्हणजे शस्त्र अंगावर ठेवायच्या कव्हरचा), पट्ट्याचा आणि आपल्या बसण्याउठण्याचा होत नाही, आणि अंगाला होणारा त्रास प्रामुख्याने तेथूनच सुरू होतो.

शस्त्राच्या बाबतीत सामान्य परवानाधारकाला निवड अशी फारशी नसतेच. ९ मिमी हा निषिद्ध, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारा बोअर असल्याने तो आपल्याला मिळत नाही आणि परदेशी हँडगनची (पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची) व्यापारी आयात कित्येक दशकांपासून बंद असल्याने जुन्या विलायती शस्त्रांच्या किमती अवाच्या सवा आहेत. उरते ते मुख्यतः .३२ बोअरचे देशी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कानपूरला तयार होणारे नेहमीचे .३२ रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचे असून त्याची नळी तीन इंचांची असते. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूमुळे ५०० ग्रॅमच्या आसपास आहे, मात्र तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर, म्हणजे काडतुसांची फिरती चकरी, बाजूला उघडते, त्यामुळे काडतुसे भरण्यासाठी जुन्या पद्धतीप्रमाणे रिव्हॉल्व्हर मधोमध मोडावे लागत नाही.

ही सगळी वजने कागदावर महत्त्वाची वाटतात, परंतु रोजच्या वापरात मला वजनापेक्षा जाडीचा त्रास अधिक झाला. सहा काडतुसांचे सिलिंडर कितीही हलक्या धातूचे केले तरी ते गोलच राहणार, आणि तो गोलवा बरगडीच्या खाली, नेमका कमरेच्या हाडावर येऊन बसतो. पिस्तूल चपटे असल्याने अंगालगत राहते आणि सदऱ्यावरून त्याचा उठाव दिसत नाही. उलट रिव्हॉल्व्हरचे सोपेपण पिस्तुलात नाही, कारण पिस्तुलाच्या बाबतीत मॅगझीन (मुठीतील काडतुसांची पेटी) काढले तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, काडतूस राहिलेले असू शकते आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला समजावून सांगावी लागते. मी पिस्तुलाचे चेंबर रिकामेच ठेवतो. त्यामुळे वेळ आल्यास दोन क्षण अधिक लागतील, हे मला मान्य आहे. दिवसातून अनेकदा वाकणाऱ्या, पोत्यांवर चढणाऱ्या आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी मला तेच योग्य वाटते.

आता होल्स्टरविषयी. वडिलांच्या पिढीत रिव्हॉल्व्हर खांद्यावरून तिरक्या घेतलेल्या चामडी पट्ट्यात, झाकणाच्या कव्हरमध्ये, लोकांना दिसेल असे मिरवले जात असे. आजचा नियम निराळा आहे. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या साधनात, पूर्णपणे झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या प्रभावी ताब्यात असली पाहिजे. म्हणजे शस्त्र झाकून नेणे ही केवळ सोयीची बाब राहिलेली नाही, तो कायद्याचाच भाग आहे. तरीही लग्नाच्या मांडवात सदरा मुद्दाम वर सरकवून मूठ दाखवणारे लोक आजही भेटतात. बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला शस्त्रपरवान्यांची जी फेरतपासणी झाली, तिच्यानंतर आमच्या भागात हा प्रकार थोडा कमी झाला, एवढेच.

पाठपिशवी नियमात बसत असली तरी मी ती चार दिवसांत बंद केली. आडतीच्या दुकानात माणूस गादीवर बसला की पिशवी आपोआप बाजूला ठेवली जाते; मग कोणीतरी ती उचलून आत ठेवतो, हमाल वाट करण्यासाठी सरकवतो आणि ‘प्रभावी ताबा’ कागदावरच राहतो. बगलेखालचे होल्स्टर फक्त जाकीट घालणाऱ्यांच्या कामाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना जाकीट घालून सौद्याला उभे राहणारा आडत्या अद्याप माझ्या पाहण्यात नाही. घोट्याला बांधायचे होल्स्टर पहिल्याच पंगतीत उघडे पडेल.

राहिली कंबर. पोटाच्या पुढच्या बाजूला, पँटच्या आत लावायची पद्धत उभ्या माणसासाठी आणि खुर्चीवर बसणाऱ्यासाठी ठीक आहे. मांडी घातली की मात्र नळीचे टोक जांघेत रुतते आणि मूठ पोटात घुसते. शिवाय नळीचा रोख सतत स्वतःच्याच मांडीकडे राहतो, हे मला मनापासून पटले नाही. अगदी पाठीमागे लावले तर गादीवरच्या तक्क्याला टेकता येत नाही आणि गाडीत मणक्याला धक्के बसतात. घड्याळाच्या तबकडीवर पोटाची बाजू बारावर धरली, तर उजव्या हाताच्या माणसासाठी साधारण साडेतीन ते चार या जागी, मूठ किंचित पुढे झुकलेली ठेवून, पँटच्या आत लावलेले होल्स्टर मला सर्वांत सुसह्य वाटले. तेथे ते मांडी घातल्यावर रुतत नाही, मोटारसायकलवर गचके बसले तरी हलत नाही, आणि गाडी चालवताना सीटबेल्टचे कुलूप डाव्या बाजूला येत असल्याने दोन्हींची अडचण होत नाही. पोते तपासायला वाकताना मात्र पाठीमागून सदरा ताणला जाऊन उठाव दिसतो, म्हणून कमरेतून न वाकता गुडघ्यात बसण्याची सवय लावून घ्यावी लागली.

बाजारात तयार मिळणारी कडक प्लास्टिकची होल्स्टरे बहुतांशी विदेशी ९ मिमी पिस्तुलांच्या मापाची असतात, आपले .३२ त्यांत एकतर खुळखुळते किंवा अडकते. कापडी आणि लवचिक पट्ट्याची कव्हरे स्वस्त असली तरी मी ती कोणालाही सुचवणार नाही, कारण त्यांतून बाहेरूनही चाप दाबला जाऊ शकतो आणि शस्त्र काढल्यावर त्यांचे तोंड मिटत असल्याने ते परत ठेवताना दुसरा हात लावावा लागतो. चाप पूर्ण झाकणारे, तोंड उघडे राहणारे आणि उलटे धरले तरी रिकामे शस्त्र न सोडणारे होल्स्टर हवे. शेवटी मी ते चर्मकाराकडून करवून घेतले. आपले शस्त्र दुसऱ्याच्या दुकानात ठेवून येणे कायद्याने आणि शहाणपणानेही योग्य नाही, म्हणून सुताराकडून पिस्तुलाच्या नेमक्या मापाचा सागवानी नमुना करून घेतला आणि तो चर्मकाराकडे ठेवला. कोल्हापुरी चपलेसाठी वापरतात तसे सालीने कमावलेले चामडे ओले करून त्याने नमुन्यावर दाबून बसवले, तोंडाला आतून दुहेरी पट्टी दिली आणि अंगाकडच्या बाजूला चामडे वर वाढवले, त्यामुळे घाम थेट लोखंडाला लागत नाही. सुरुवातीला पिस्तूल फार घट्ट बसत होते. महिनाभराच्या वापरानंतर ते जागेवर आले.

होल्स्टर चांगले असूनही पट्टा मऊ असेल तर सगळे व्यर्थ आहे. साधा पट्टा दुपारपर्यंत उजवीकडे लोंबू लागतो आणि माणूस नकळत दर थोड्या वेळाने पँट वर ओढतो. बघणाऱ्याला तेवढे पुरते. दीड इंच रुंदीचा, दोन पदरी, न वाकणारा चामडी पट्टा घ्यावा आणि पँट कमरेला एक माप मोठी शिवावी. नाडीच्या पायजम्यावर यातले काहीच साधत नाही. मेडिकलमध्ये मिळणारा कंबरदुखीचा पट्टा आत बांधून पाहणारे माझ्या ओळखीत आहेत, परंतु उकाड्यात त्याखाली पुरळ उठते. पांढरा सदरा हा आमच्या बाजाराचा जणू गणवेश. घामाने तो अंगाला चिकटला की आतले सगळे दिसते. म्हणून हंगामात मी गडद, बारीक चौकड्यांचा, सैल आणि बाहेर सोडलेला शर्ट घालू लागलो. दुकानातल्या लोकांनी चार दिवस थट्टा केली.

देखभालीत आमच्याकडचे दोन शत्रू आहेत. सोयाबीनच्या आवकेच्या दिवसांत उडणारी धूळ तेल जास्त लावलेल्या पिस्तुलात चिकटून बसते, म्हणून त्या काळात तेलाचा केवळ हात फिरवावा आणि मॅगझीनमधला भुसा वरचेवर झटकावा. पावसाळ्यात याच्या उलट काळजी घ्यावी लागते. चामडे ओल धरून ठेवते, त्यामुळे रात्री शस्त्र होल्स्टरमध्ये तसेच ठेवल्यास मुठीजवळ आणि नळीच्या टोकाला गंजाचे बारीक ठिपके दिसू लागतात. घरी आल्यावर शस्त्र रिकामे करून, कोरड्या फडक्याने पुसून ते तिजोरीत स्वतंत्र ठेवावे आणि होल्स्टर सावलीत वाळू द्यावे.

हीच गोष्ट निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा करतानाही लक्षात ठेवावी. आचारसंहितेच्या काळात पोलीस ठाण्याचा आदेश आला की शस्त्र कित्येक आठवडे तेथे पडून राहते. तेव्हा ते चामडी कव्हरसह न देता, आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेल लावून, कापडात गुंडाळून द्यावे, पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या स्वतः वाचून घ्यावी, आणि परत मिळाल्यावर नळी स्वच्छ पुसल्याशिवाय त्यात काडतूस भरू नये.