नाचणीचं सत्त्व की डब्यातलं सिरीयल?

सहा महिने फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ वरच्या अन्नाला आलं, की नागपूरच्या घराघरांत हा वाद सुरू होतो. आजी म्हणते, ‘लेकराले घरचंच चारा.’ नोकरीवर परतलेल्या आईचा हात डब्याकडे जातो.

डब्याची जमेची बाजू खरी आहे. त्यात लोह वरून घातलेलं असतं आणि सहा महिन्यांनंतर बाळाला नेमकं तेच कमी पडू लागतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. पण तिच्यातलं लोह सहज अंगी लागत नाही. सोबत संत्र्याचा चमचाभर रस दिला की फरक पडतो, आणि हंगामात त्याची इथे काय वानवा!

सत्त्वाची करामत मोडांत आहे. इतवारीच्या बाजारातून आणलेली नाचणी भिजवा, मोड आणा, वाळवून हलकी भाजा नि दळा. या पिठाची पेज कमी घट्ट होते, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. इवल्याशा पोटाला हे मोलाचं. मे महिन्यात मात्र भिजवलेलं धान्य पटकन आंबतं; वास घेऊनच पुढे जा.

डब्यावरची घटकांची यादी वाचा, साखर दिसली तर परत ठेवा. घरीही वर्षापर्यंत मीठ-साखर नको, मध तर मुळीच नको.

माझा कौल सत्त्वाला, डबा प्रवासापुरता. बाटलीत दोन्ही नको, वाटी-चमचाच बरा. आणि लोहासाठी डाळ, पालेभाजी, चालत असेल तर अंडंही लवकर सुरू करा.