जुना बाजार, पुणे: हत्यारांसाठी जरूर जा, मोबाइलसाठी नको

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मंगळवार पेठ मेट्रो स्थानकातून चालत जाता येतं. चारचाकी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. कपडे, घड्याळं, फर्निचर सगळं असतं, पण खरा माल हत्यारांचा. कारखान्यांतून आणि गॅरेजांतून निघालेलं चांगलं पोलाद इथे भंगारात वितळण्याआधी शेवटचं विकायला येतं.

जाताना तीन गोष्टी खिशात हव्यात: एक चुंबक, एम ६ आणि एम ८ (६ आणि ८ मिमी बोल्टचे) नवे नट, छोटा मल्टिमीटर (विजेची जोडणी तपासायचा मीटर). एम ६ च्या नटाला १० मिमीचा पाना लागतो, एम ८ ला १३ मिमीचा. पाना नटावर चढवून हलवा. खडखडला तर त्याचा जबडा पसरलाय. तो घट्ट बोल्टचे कोपरे गोल करणार. गंज मात्र मनावर घेऊ नका. वरवरचा गंज रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून तारेच्या ब्रशने निघतो, मग धुऊन, कोरडं करून लगेच तेल लावायचं. ताजा जाड रंग दिसला की सावध व्हा, विशेषतः बेंच व्हाइसवर (टेबलाला बसवायच्या शिकंज्यावर). बीडाला (ओतीव लोखंडाला) गेलेली चीर वेल्डिंग करून रंगाखाली लपवलेली असते आणि पहिल्या जोरात तिथेच उघडते. पान्याने हलकं ठोका: अखंड बीड खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं. व्हाइसचा स्क्रूही पूर्ण उघडून बंद करून बघा. आटे बहुतेक मधल्या भागातच झिजलेले असतात.

ड्रिल मशिन चालवून बघायला मिळेलच असं नाही. मग चक (बिट धरणारा पुढचा भाग) हाताने आडवा हलवा, ढिला लागला तर बेअरिंग गेलं. हवेच्या फटींतून जळक्या वार्निशचा वास आला तर मशिन खाली ठेवा. आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) भरून घेण्याचा खर्च परवडत नाही. कार्बन ब्रश संपलेला असेल तर ते चालेल, तो स्वस्तात मिळतो. मीटर प्लगच्या दोन पिनांना लावून स्विच दाबला की काही ओहम दिसायला हवेत. स्पीड कंट्रोलचा स्विच असेल तर ही चाचणी फसवते, चांगलं मशिनही तुटलेलं दाखवतं. या दोन पिनांपैकी कुठलीही आणि धातूची बॉडी यांच्यात मात्र जोडणी दिसता कामा नये. दिसली तर फुकटही घेऊ नका.

पितळ-तांब्याला चुंबक चिकटलं की आत लोखंड. भांड्याच्या सांध्यावर करड्या रंगाचा डाग असला तर तो शिशाचा असू शकतो. असं भांडं शोभेला ठेवा. डाग नसलेलं भांडं स्वयंपाकाला घ्यायचं तर आधी कल्हई.

प्रेशर कुकर, गॅसचा रेग्युलेटर, एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच), हेल्मेट या चार वस्तूंकडे बघूही नका. हेल्मेटचा आतला थर एकदा दबला की परत उठत नाही, आणि ते बाहेरून दिसत नाही.

भाव सांगितल्याच्या निम्म्यापासून सुरू करा. निवड सकाळी चांगली मिळते, घासाघीस संध्याकाळी.

मोबाइल घ्यायचाच हट्ट असेल तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि चोरीच्या फोनांची नोंद ठेवणाऱ्या सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तपासा. काळ्या यादीत निघाला तर तो परत द्या. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.